बाळंतिणीची काळजी : सव्वा महिन्यात हमखास विचारले जाणारे प्रश्न

बाळंतिणीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काढली. सुट्टीच्या कागदावर अंगठा किंवा सही घेताना "ताई, काही विचारायचंय का?" असं म्हटलं की बहुतेक जणी नुसती मान हलवतात. प्रश्न पडतात ते घरी गेल्यावर, रात्री दोन वाजता, बाळ रडत असताना. तेव्हा आई, सासू, न्हाऊ घालणाऱ्या मावशी अशा सगळ्या उत्तरं द्यायला हजर असतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं असतं. खालचे प्रश्न बायका विचारतात तसेच ठेवले आहेत. तुम्हाला बीपी, साखर, हृदयाचा किंवा आणखी काही त्रास असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आधी, माझं नंतर.

बाळंतपण नीट झालं, बाळही बरं आहे. मग मला पुन्हा दवाखान्यात कशाला बोलावतात?

कारण बाळ बाहेर आलं म्हणजे धोका संपला असं नसतं. जोराचा रक्तस्राव बहुतेकदा पहिल्या २४ तासांत होतो. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढू शकतं, आणि गर्भारपणात ज्यांचं बीपी ठीक होतं त्यांचंही चढू शकतं. गर्भाशयातला किंवा टाक्यांचा जंतुसंसर्ग सहसा पहिल्या आठ-दहा दिवसांत डोकं वर काढतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती तर कित्येक आठवडे राहते. म्हणूनच वैद्यकशास्त्र बाळंतपणानंतरचे ४२ दिवस मोजतं आणि तोवर बाळंतपणाशी संबंधित कारणाने बाई गेली तर तो मातामृत्यू धरतात.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये गावागावांत घरी जाऊन बाळंतिणी पाहिल्या. बाळंतपणानंतरच्या काळात सुमारे ४३ टक्के बायकांना काही ना काही त्रास झालेला आढळला. त्यात स्तनांचे त्रास, उशिराचा रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे सगळ्यांत जास्त होते. यातल्या किती जणी आपणहून दवाखान्यात गेल्या असत्या, याचा अंदाज तुम्हीच करा. आपल्याकडे बाळंतिणीचं दुखणं म्हणजे 'व्हायचंच ते'.

किती दिवस दवाखान्यात राहावं? आम्हाला घरी जायची घाई आहे.

साधं बाळंतपण असेल तर जागतिक आरोग्य संघटना किमान २४ तास सांगते. आपल्या सरकारी दवाखान्यांत ४८ तास ठेवतात. सिझर असेल तर आणखी काही दिवस. घरी गेल्यावरही तपासणी हवी: पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा, सातव्या ते चौदाव्या दिवसात एकदा आणि सहाव्या आठवड्यात एकदा. "घरी डबा कोण करणार, थोरल्याला कोण बघणार" ही अडचण मला मान्य आहे. पण निदान पहिला दिवस तरी खाट सोडू नका.

मी माहेरी आहे. आशाताई इथे येतील का?

हा प्रश्न दिसतो साधा, पण याच फटीतून पुष्कळ बायका निसटतात. नाव सासरच्या गावात नोंदलेलं, गर्भारपणातली तपासणी तिथली, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात. सासरच्या आशाताईला वाटतं बाई माहेरी आहे, माहेरच्या आशाताईच्या यादीत तुमचं नावच नसतं.

नियम असा, की दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीतच 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली. शिकवलेल्या गावातल्याच बायकांमुळे तिथला नवजात बालमृत्यूचा दर काही वर्षांत निम्म्याहून खाली आला. पुढे २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत ती सुरू झाली. तेव्हा माहेरी निघतानाच माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या आणि पोहोचल्यावर आठवड्याच्या आत माहेरच्या आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला गाठा. वडील नाहीतर भाऊ जाऊन सांगून आला तरी चालतं.

आई म्हणते पाणी कमी पी, पोट सुटेल, टाके चिघळतील, बाळाला सर्दी होईल. खरं का?

नाही. हे मी एका शब्दात सांगते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं. काही घरांत बाळंतिणीला दिवसभरात दोन-तीन पेले कोमट पाणी मिळतं, तेही मोजून. मग ओठ फुटतात, लघवीला जळजळ होते, शौचाला खडा होतो आणि टाक्यांवर ताण येतो. म्हणजे ज्या टाक्यांच्या काळजीने पाणी तोडलं, त्यांनाच त्रास.

पोट सुटतं ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे, पाण्यामुळे नव्हे. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला अडीच-तीन लिटर द्रव लागतो. त्यात पाणी, ताक, वरणाचं पाणी, पेज, दूध सगळं आलं. गरम पाणी आवडत असेल तर गरम प्या, ओवा किंवा बाळंतशोपा उकळून प्या, काही हरकत नाही. मी सासूबाईंना नेहमी असं सांगते: "पाणी कोमट द्या, तुमची पद्धत राहू द्या. फक्त मोजू नका." हे बहुतेक घरांत चालून जातं. आणखी एक सोपी सवय: बाळाला घ्यायच्या आधी पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. बाळ ओढायला लागलं की तहान लागतेच.

काय खाऊ? इथे रोज मऊ भात आणि तूप.

आपली जुनी यादी वाचली तर ती चांगलीच आहे. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, खोबरं-लसणाची चटणी, खारीक, सुंठ. अळिवात लोह भरपूर, बाजरीतही आहे. यादी करणारी आजी शहाणी होती. घोटाळा झाला तो पुढे, 'हे बाधेल, ते बाधेल' करत एकेक पदार्थ ताटातून काढताना. डाळ नको, गॅस होईल. पालेभाजी नको, बाळाला हिरवी शी होईल. केळं, पेरू, दही थंड. अंडं उष्ण. उरलं काय? मऊ भात, तूप आणि चहा-खारी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक-दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू, नेहमीच्या जेवणापेक्षा वर. डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दूध, हिरव्या भाज्या, फळं सगळं चालतं. एखादा पदार्थ खाल्ला की बाळ दर वेळी किरकिरतंच असं तुम्हाला दिसलं, तर तेवढा एक बंद करून बघा. शेजारणीच्या बाळाला वांगं बाधलं म्हणून तुम्ही वांगं सोडायचं कारण नाही. शिवाय जेवणावर लिंबू पिळा, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नका, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

एक मात्र खरं: लाडूत सगळं भागत नाही. डिंकाचा लाडू जोड आहे, जेवण नव्हे. तीन लाडू खाऊन भाकरी टाळणाऱ्या बाळंतिणी मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

लोहाच्या गोळ्या किती दिवस? त्याने पोट बिघडतं.

बाळंतपणानंतर रोज एक, १८० दिवस. सोबत कॅल्शियमच्या गोळ्याही सहा महिने, पण दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. शी काळी होते, त्याने घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. बाळंतपणात रक्त जातं ते त्यावर आणखी. थकवा आला की आपण 'बाळामुळे जागरण' म्हणतो. ते जागरण असतंच, पण हिमोग्लोबिनही एकदा पाहून घ्या.

शेक-शेगडी घेऊ का? न घेतल्यास वात धरतो म्हणतात.

ऊब चांगली, धूर वाईट. इतकं लक्षात ठेवा.

बाजेखाली कोळशाची शेगडी, खिडक्या बंद, दाराला पडदा, वर ओवा-वावडिंगाची धुरी आणि त्याच खोलीत चार दिवसांचं बाळ. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत आई आणि बाळ दोघंही गुंगीत जाऊ शकतात आणि बघणाऱ्याला वाटतं, बाई शांत झोपली. भाजण्याचे प्रकार वेगळेच. बाजेची सुंभ, सुती लुगडं, निखारा यांचा एकमेकांशी किती जवळचा संबंध असतो ते सांगायला नको.

कंबर शेकावीशी वाटत असेल तर रबरी पिशवीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून शेका. सिझरच्या टाक्यांवर आणि बधिर असलेल्या कातडीवर मात्र नाही, तिथे भाजलेलं कळतही नाही. कोमट पाण्याची अंघोळ रोज करा. शेगडीचा हट्टच असेल तर बाळाला दुसऱ्या खोलीत न्या, खिडकी उघडी ठेवा, पाच-दहा मिनिटांत शेगडी बाहेर काढा आणि धुरी पूर्ण टाळा. माझ्या मते शेगडीच नको. पण हट्ट धरणाऱ्या घरात निदान खिडकी तरी उघडली जावी म्हणून हे लिहिते.

मालिश, पोट बांधणं, कानात कापूस?

मालिश करा. अंग मोकळं होतं, कोणीतरी अर्धा तास तुमच्याकडे लक्ष देतं, हेही औषधच. पोट रगडू देऊ नका. एका पोटरीला सूज किंवा दुखणं असेल तर ती चोळू नका, दाखवा. पोट बांधल्याने आधार वाटतो, चरबी जात नाही. श्वास कोंडेल इतकं आवळू नका. कानात कापूस आणि डोक्याला फडकं याने नुकसान नाही, फायदाही फारसा नाही. घालावंसं वाटलं तर घाला.

दहा दिवस सुवेर. खोलीतून बाहेर यायचं नाही, कोणी शिवायचं नाही. चालेल का?

विश्रांतीची कल्पना उत्तम. नांगरणीच्या दिवसांतही बाईला कामाला जुंपू नये म्हणून कोणीतरी हा नियम घातला असावा, असं मला वाटतं. पण 'शिवायचं नाही' याचा अर्थ 'बघायचं नाही' असा झाला की पंचाईत. अंधाऱ्या खोलीत रक्त किती जातंय हे कळत नाही, बाळ पिवळं पडलंय हे दिसत नाही. बाळाची कावीळ उजेडातच ओळखता येते.

आणि पडून राहणं म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे. साध्या बाळंतपणानंतर काही तासांत, सिझरनंतर २४ तासांच्या आत उठून चार पावलं टाकायची असतात. सतत पडून राहिल्याने पायात गुठळ्या होण्याची भीती वाढते. घरातल्या घरात फिरा. घागरी उचलू नका, धुण्याच्या बादल्या उचलू नका. सिझरवाल्यांनी सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नको.

अंगावरून किती दिवस जातं? किती गेलं म्हणजे जास्त?

पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, नंतर पिवळसर-पांढरं. चार ते सहा आठवड्यांत थांबतं. पाजताना पोटात कळ येते आणि थोडं जास्त जातं. गर्भाशय आकसत असल्याची ती खूण आहे, दुसरेपणी कळा जास्त जाणवतात.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, थांबलेलं लाल रक्त एकदम पुन्हा जोरात सुरू झालं, किंवा घाण वास येऊ लागला, तर वाट बघू नका. 'घाण बाहेर पडतेय, पडू दे' हे वाक्य ऐकून थांबलेल्या बाईला दोन रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्याचं मी पाहिलं आहे.

कपडा वापरत असाल तर सुती, साबणाने धुतलेला आणि उन्हात वाळवलेला. आडोशाला, दाराआड, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातलेला ओलसर कपडा म्हणजे जंतूंचं घर. लाज वाटत असेल तर वर पातळ ओढणी टाका, पण दोरी उन्हातच बांधा. दर चार ते सहा तासांनी बदला.

खालच्या टाक्यांची काळजी?

प्रत्येक वेळी साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, कोरडं करा. हळद, तेल, भुकटी काही लावू नका. बहुतेक टाके आपोआप विरघळतात. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं, चौथ्या-पाचव्या दिवशी वाढलं तर दाखवा. खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर लघवी अडवून धरल्यासारखे स्नायू आवळा, पाच मोजा, सोडा. दिवसातून तीन वेळा दहा-दहादा. बाळाला पाजतानाही करता येतं, कोणाला कळत नाही.

सिझरच्या वेळी मणक्यात सुई दिली, म्हणून आयुष्यभर कंबर दुखणार?

हा समज इतका पक्का आहे की डॉक्टर बायकासुद्धा तो आपल्या मैत्रिणींना सांगताना मी ऐकल्या आहेत. सुईच्या जागी काही दिवस ठणकतं. पुढे महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंबरेचा दोष त्या सुईकडे जात नाही. साधं बाळंतपण झालेल्यांचीही कंबर दुखतेच. ढिले झालेले पोटाचे स्नायू, वाकून पाजणं, मांडी घालून तासन्‌तास बसणं, ही कारणं बघा. पाठीला उशी लावा, मांडीवर उशी ठेवून बाळाला वर आणा, स्वतः खाली वाकू नका.

पहिल्या काही दिवसांत बसलं की डोकं फुटल्यासारखं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं होत असेल तर तो मात्र सुईमुळे होणारा त्रास असू शकतो. डॉक्टरांना सांगा.

चीक पिळून टाकू का? पिवळा, दाट आहे, बाळाला पचेल का?

एक थेंबही टाकू नका. चीक म्हणजे बाळाची पहिली लस. तो थोडासाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं. एका वेळी चमचाभर पुरतो.

इथे एक आकडा मला नेहमी टोचतो. वर सांगितलेल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली, पण जन्मानंतर तासाभरात छातीला लावलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे दोष सगळा गावच्या अज्ञानाला देता येत नाही. बाळ आमच्याच समोर जन्मलं आणि वजन, कपडे, फोटो, पेढे यांत तो तास गेला. तेव्हा तुम्हीच मागा: "बाळ माझ्याजवळ द्या." सिझर असलं तरी मागा. मध, साखरपाणी, गुळाचं बोट नको. मधातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

दूध पुरत नाही. बाळ सारखं रडतं. डबा सुरू करू?

रडणं म्हणजे भूकच असं नाही. लघवी मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरतंय. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत परत येतं. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा, रात्रीचं पाजणं सोडू नका. जितकं ओढेल तितकं येईल. एक बाटली आत आली की एक पाजणं कमी, आणि तितकं दूध कमी.

पाजताना बोंडी दुखत असेल तर बाळाने फक्त बोंडी धरली आहे. काळा भागही तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसायला हवा. छाती दगडासारखी झाली तर कोमट फडकं लावून थोडं दूध हाताने काढा आणि पाजा. लालसर गाठ आणि ताप आला तर दवाखान्यात जा, पण पाजणं थांबवू नका. 'तापातलं दूध बाधतं' म्हणून थांबवलं की गाठीत पू होण्याची शक्यता वाढते.

गुटी, काजळ, नाळेला हळद?

तिन्ही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीही नको. काजळात शिसं असू शकतं. नाळ कोरडी ठेवा, काही लावू नका. पाचवीच्या रात्री सटवी येते म्हणून जागायची प्रथा आहे. माझा आपला अंदाज असा, की घाणेरड्या विळ्याने नाळ कापण्याच्या काळात धनुर्वाताने बाळं साधारण याच दिवसांत जायची, आणि ती भीती प्रथेत उरली. २०१५ मध्ये भारत माता-नवजात धनुर्वातातून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. पूजा करा, जागा, पण नाळेला शेण-हळद लावू नका.

सगळं छान आहे, तरी रडू येतं. मी वाईट आई आहे का?

नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येणं फार जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यानंतरही मन उदास असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, 'मी नसते तर बरं' असं मनात येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के आयांमध्ये बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण यांचा त्याच्याशी संबंध दिसला, आणि मुलगी झाली असेल तर धोका वाढत होता. त्यामुळे "दुसरीही मुलगीच का?" असं बाजेशेजारी बसून म्हणणाऱ्या पाहुणीला बाहेरच्या खोलीत चहा द्या. घरच्यांनी "बाहेरची बाधा" म्हणत उतारे काढण्यात वेळ घालवू नये. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. कानात आवाज येणं, भलतंसलतं बोलणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटणं, यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाईला एकटं सोडू नका.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत ना?

राहू शकतात. बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं. फक्त अंगावर पाजत असाल (रात्रीही), बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि पाळी आली नसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच भरवसा धरता येतो. एक तुटली की साधन हवं. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते किंवा मग सहा आठवड्यांनी. निरोध कधीही. 'अंतरा' इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. पुढचा गर्भ किमान दोन वर्षांनी राहावा, तीन वर्षं अंतर असेल तर आणखी बरं. जवळीक कधी, याचं उत्तर: अंगावरून जाणं थांबलं, टाके भरले आणि तुमची इच्छा असेल तेव्हा. नवऱ्याच्या इच्छेवर ती तारीख ठरत नाही.

लगेच दवाखान्यात कधी जायचं?

जोराचा रक्तस्राव, १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप, फार डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटका, धाप किंवा छातीत दुखणं, एका पायाला सूज आणि दुखणं, घाण वास. बाळाचं म्हणाल तर: पीत नाही, मलूल आहे, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, झटके, तळहात-तळपाय पिवळे, नाळेभोवती लाली. १०२ किंवा १०८ ला फोन करा. रात्र आहे, अमावास्या आहे, सव्वा महिना झाला नाही, यातलं एकही कारण थांबायला पुरेसं नाही.

हे सगळं मला माहीत आहे हो. पण घरात माझं ऐकतं कोण?

हाच खरा प्रश्न, आणि तो हळू आवाजात येतो. माहिती कमी असते असं मला वाटत नाही. वॉर्डातली वीस वर्षांची पोरगीही चीक पाजायचा असतो हे सांगते. घरी गेल्यावर ताट कोण वाढतं, पैसे कोणाकडे, गाडी कोण बोलावतं, त्यावर पुढचं ठरतं. म्हणून सुट्टीच्या वेळी जे सांगायचं ते मी एकट्या बाळंतिणीला सांगत नाही. जिच्या हातात स्वयंपाक आहे तिला आणि नवऱ्याला समोर बसवते. तुम्हीही तसंच मागा: "सिस्टर, आमच्या आईंना पण सांगा." सुनेने सांगितलेलं आगाऊपणा ठरतो, तेच सिस्टरने सांगितलं की सासूबाई शेजारणीलाही सांगतात. भांडू नका, अदलाबदल करा. कानाला फडकं बांधा आणि त्या बदल्यात पाण्याचा तांब्या मिळवा.

नोकरीवर कधी जावं लागेल?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. त्याआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. धुणी-भांडी करणाऱ्या, ऊसतोडीला किंवा शेतावर जाणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार, याचं उत्तर कायद्यात नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये यांचा अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईकडे विचारा. कामावर जाताना दूध काढून ठेवता येतं: सावलीत, झाकून तीन-चार तास, फ्रीजमध्ये २४ तास.

सव्वा महिना झाला, देवाला जाऊन आलो. आता संपलं ना?

देवाला गेलात तसंच दवाखान्यातही या. सहाव्या आठवड्यात बाळाची लस असतेच, एकाच फेरीत दोन्ही कामं होतात. बाळाला टोचून झालं की लगेच रिक्षाकडे वळू नका. स्वतःचं बीपी, हिमोग्लोबिन, टाके, स्तन तपासून घ्या. गर्भारपणात साखर वाढली असेल तर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पाजून रक्त तपासतात, ते आठवणीने मागा. बाळाचं कार्ड पिशवीत टाकताना तुमचीही फाइल त्याच पिशवीत टाका.